माडीवरच्या रिसीव्हरची खंडेनवमी

आमच्या निपाणीच्या घरात अण्णांना जेवायला हाक मारत नसत, ठोका देत असत. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि ठोका देणारी त्यांची बायको. तिला मी मोठी आई म्हणायची. भाकरी तव्यावरून उतरली की ती कोपऱ्यातली कपडे वाळत घालायची काठी उचले आणि तिच्या बुडाने डोक्यावरच्या तक्तपोशीला दणके देई. वर माडीत खुर्ची सरकल्याचा आवाज होई, "आलो, आलो" असं ऐकू येई, आणि लाकडी जिना करकरवत अण्णा खाली उतरत. माझी आई तोंडाला पदर लावून म्हणे, "आक्कांचे मालक पलटणीतनं सुटून आले, पर पलटण काय त्यास्नी सुटंना." शेजारच्या बायका तर मोठी आईला सरळ तापट समजत. तापट म्हणवून घेणं तिने का पत्करलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि आजचं हे प्रकरण त्याचंच आहे.

घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. ओवी, निहार, नातवंडांनो, तुम्हाला तो वास कसा सांगू? तो वास म्हणून आम्हाला जाणवतच नसे. पहाटे वखारीची दारं उघडली की तंबाखूचा खकाणा वाऱ्यावर सुटायचा आणि आमच्या अंगणातल्या तुळशीपासून दुधाच्या पातेल्यापर्यंत सगळ्यावर बसायचा. घरातल्या कुणाला त्याने काही होत नसे. पाहुणा आला की मात्र उंबऱ्यातच शिंकायचा. दारावर कडी वाजायच्या आधी शिंक ऐकू आली की मोठी आई चहाचं आधण वाढवायची. बाहेर हमरस्त्यावरून ट्रक जायचे, कोल्हापूरच्या गाडीचा कंडक्टर ओरडायचा, समोरच्या घरात सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या कात्र्या एकसारख्या कुरकुरत असायच्या. आणि या सगळ्याच्या वर, आमच्या माडीत, सकाळी सकाळी आणखी एक आवाज असायचा: तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर, तिच्यातून मध्येच येणारी शीळ, आणि कुठल्या तरी दूरच्या माणसाचं नाकातलं बोलणं.

तो अण्णांचा रिसीव्हर. अण्णा सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, आणि बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा हे धूड उचललं. महायुद्धाच्या काळातला तो होता. कंपनीच्या नावाची पट्टी कुणीतरी आधीच काढून नेली होती, त्यामुळे तो कोणत्या देशाचा, यावर आप्पांचा (म्हणजे माझ्या वडिलांचा) आणि अण्णांचा वाद कधी मिटला नाही. सुरकुत्या पडलेल्या काळ्या रंगाची पोलादी पेटी, पुढे अर्धचंद्राकृती काचेमागे आकडे, खाली बटणांची रांग, आणि वर भोकाभोकांचं झाकण. जिन्यावरून वर चढवताना हमालांनी मारुतीचा धावा केला होता म्हणतात. आत काचेचे व्हॉल्व्ह होते. चालू केल्यावर ते आधी मंद तांबडे व्हायचे, मग सगळी पेटी हळूहळू तापायची, आणि ती नीट तापेपर्यंत पकडलेलं स्टेशन जागेवर राहायचं नाही. थंडीच्या दिवसांत मोठी आई त्या कोमट झाकणावर विरजणाचं भांडं ठेवायची. अण्णा रोज ते उचलून खाली ठेवायचे, ती रोज पुन्हा वर ठेवायची. दही मात्र घट्ट लागायचं.

निहारने मागच्या महिन्यात व्हिडिओवर मला त्याचा नवा रेडिओ दाखवला, तेव्हा मला आधी तो दिसेचना. लॅपटॉपच्या बाजूला काडेपेटीएवढं काहीतरी खोचलेलं होतं, आणि पडद्यावर निळ्या-पिवळ्या रेघांचा धबधबा पडत होता. "आजी, लहरींचा संपूर्ण पट्टा एकाच वेळी दिसतो," तो म्हणाला. खरंच दिसत होता. आम्ही तोच पट्टा एका मोठ्या बटणाने केसभर केसभर चाळत जायचो, आंधळ्याने भिंत चाचपावी तसा. पण मग मी त्याला म्हटलं, जरा तुझी बटणं दाखव. त्याने पडद्यावरची चित्रातली बटणं दाखवली, आणि मला एकेक करून सगळी ओळखू आली. नको असलेली शेजारची स्टेशनं गाळून टाकणारं बटण, मोठा आवाज आपोआप दाबणारी आणि बारीक आवाज आपोआप उचलणारी सोय, लहर किती जोराची आहे ते दाखवणारा काटा. तुमच्या फोनच्या कोपऱ्यात त्या लहानमोठ्या उभ्या रेघा असतात ना, त्या या काट्याच्याच नात्यातल्या. आत येणारी लहर आधी सोयीच्या ठिकाणी उतरवून घ्यायची आणि मग गाळायची, हे अण्णांच्या पेटीत तांब्याच्या वेटोळ्यांनी व्हायचं, तुमच्याकडे आकडेमोडीने होतं. काम तेच आहे.

मी तेव्हा निपाणीच्या कॉलेजात नुकती जाऊ लागले होते. सकाळी कॉलेजच्या आधी मी माडीवर अण्णांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. मला पुढे परवान्याची परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी मोर्स यायला हवं होतं. अण्णांची शिस्त अशी की परवाना हातात येईपर्यंत मोर्स ठोकायच्या खटक्याला, म्हणजे कीला, बोटसुद्धा लावायचं नाही. फक्त ऐकायचं आणि पाटीवर लिहायचं. मी शाळेत वृत्तं चांगली पाठ केलेली, त्यामुळे मला एक युक्ती सुचली होती. मोर्समधली तीन तुकड्यांची जेवढी इंग्रजी अक्षरं आहेत, आखूड ठोका लघू आणि लांब ठोका गुरू धरला की ती सगळी आपल्या गणांत चपखल बसतात: र गण म्हणजे के, न गण म्हणजे एस, म गण म्हणजे ओ. तुम्ही कागदावर करून पाहा. अण्णांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर ते म्हणाले, "शालन, आपल्याला कविता करायची न्हाय. कान उघडा ठेव, बाकी काय बी करू नगंस." तरी मी गुपचूप गण मोजतच राहिले, आणि त्याने काही बिघडलं नाही.

अण्णांचा रोजचा सोबती म्हणजे मडगावचे एक दातांचे डॉक्टर. दवाखाना उघडण्याआधी ते चाळीस मीटरच्या पट्ट्यात यायचे आणि अण्णांना त्यांच्या सांकेतिक नावाने साद घालायचे. दोघं माइकवरून बोलत; बोलणं पाठवायला अण्णांनी स्वतः जोडलेला एक लहान ट्रान्समीटर रिसीव्हरच्या शेजारी होता. विषय म्हणजे हवामान, अँटेनाची तार, मासे, आणि पुन्हा अँटेनाची तार. कधी समोरासमोर भेटलेले नसूनही ते एकमेकांच्या सर्दीखोकल्याची चौकशी करायचे. मोठी आई चहा घेऊन वर आली की हमखास विचारायची, "डाक्टरांनी आज कुणाचा दात काढला?" आणि अण्णा तो प्रश्न खरोखरच माइकवरून पुढे पाठवायचे.

पण त्या वर्षी अण्णा डॉक्टरांना सारखं "पुन्हा सांगा" म्हणू लागले होते. कधी म्हणत, आज वरचं हवामान खराब आहे. कधी म्हणत, आवाजाचा व्हॉल्व्ह थकलाय. त्यांनी बेळगावहून नवे व्हॉल्व्ह मागवून बसवले, स्पीकरच्या तारा बदलल्या, अँटेना नव्याने ओढली. मला म्हणाले, "तुझी प्रॅक्टिस म्हणून डॉक्टर काय बोलत्यात ते समदं पाटीवर लिहीत जा. भरभर लिहायची सवय लागंल." मी लिहीत गेले. माझ्या पाटीकडे बघत ते डॉक्टरांना उत्तर देत. मला वाटायचं, अण्णा माझं शुद्धलेखन तपासताहेत.

मग दसरा आला. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुऊनपुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू, झेंडू, ऊस वाहतात, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काही काम करून घेत नाहीत. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पाट मांडलेला असे. त्यावर शेतातले विळे आणि खुरपी, आईची शिवणाची कात्री, आप्पांचा फाउंटन पेन, आणि अण्णांची पक्कड, सोल्डरिंग आयर्न, हेडफोन आणि मोर्सची की. रिसीव्हर खाली आणण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी त्याची वायर भिंतीतून काढून ठेवली होती; एक दिवस त्यालाही विश्रांती, असं ते म्हणाले, आणि आप्पांबरोबर शेताकडे गेले.

मोठी आईला हे पटलं नाही. सगळ्यांची पूजा झाली आणि माडीवरचा तो एकटाच कोरडा राहिला, हे तिच्या मनाला लागलं. ती ताट घेऊन वर गेली. परत आली तेव्हा ताटातली कुंकवाची वाटी जवळजवळ रिकामी होती. आईने विचारलं, एवढं कुंकू कुठं संपवलं, तर ती म्हणाली, "झाकण उघडून वाहिलं. वरनं डब्याला लावून काय उपयोग? काम करतंय ते आत बसून." तिने प्रत्येक व्हॉल्व्हला बोट लावलं होतं. पत्र्याच्या पापुद्र्यांची एक जुडी असते, मोठं बटण फिरवलं की ती दुसऱ्या जुडीत शिरते आणि बाहेर येते. सगळं स्टेशन शोधणं तिच्यावर चालतं. ती जुडी तिला बहुतेक देवीच्या मुकुटासारखी वाटली असावी. तिथे तिने मूठभर हळदकुंकू वाहिलं होतं, आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. मग झाकण लावून, झाकणावर झेंडूचं फूल आणि पुरणपोळीचा नैवेद्य ठेवून ती खाली उतरली होती.

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी चालू केला, तर पेटी फटफटली, खरखरली आणि गप्प झाली. अण्णांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होते. वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. पण ते नुसते म्हणाले, "सौभाग्यवती झालाय आपला रिसीव्हर." मोठी आईला बोलावून दाखवलं. ती जराही खजील झाली नाही. पूजा केल्यावर बंद पडत असेल तर दोष आधीचाच होता, असं तिचं म्हणणं.

साफसफाईला दिवाळीच्या तोंडापर्यंत वेळ लागला, कारण त्या पापुद्र्यांमध्ये बोट शिरत नव्हतं. अण्णांनी पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापल्या. मी एकेका फटीतून पट्टी ओढायची, मग स्पिरिटात बुडवलेला रंगाचा ब्रश, मग सायकलच्या पंपाने वारा. मोठी आई शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि कुठे तांबडं राहिलंय ते लांबूनच सांगायची. तिची नजर फार तीक्ष्ण होती. अण्णांना पापुद्रा वाकण्याची भीती वाटायची, म्हणून नाजूक काम माझ्या हातांनी. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, रिसीव्हर म्हणजे काय ते मी त्या दिवसांत शिकले, पुस्तकांतून नाही. कुठला भाग कशाशी बोलतो, कुठे लहर आत येते, कुठे गाळली जाते, आणि कुठे तिचा आवाज होतो, हे सगळं मी कुंकवाच्या मागोमाग फिरून पाहिलं.

शेवटी एके सकाळी सगळं जुळलं. अण्णा म्हणाले, कर चालू. व्हॉल्व्ह तापले, आणि मी मोठं बटण हलकेच फिरवलं. माडी भरून गेली. इतका स्वच्छ आवाज मी त्या पेटीतून कधीच ऐकला नव्हता. परदेशी बातम्या, शीळ, दोन माणसांचं हसणं, आणि मग एक बारीक, सुंदर, टिंगटिंगणारं मोर्स. मी हसत अण्णांकडे वळले. ते मान तिरकी करून स्पीकरच्या जाळीशी कान नेऊन बसले होते. थोड्या वेळाने ताठ झाले आणि म्हणाले, "मुकंच हाय अजून. गेलं हे."

मला समजेना. "अण्णा, वाजतंय की ते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग रिसीव्हरकडे. काचेमागचा काटा मोर्सच्या प्रत्येक ठोक्याला उडत होता, परत बसत होता. अण्णांना कुणी काही सांगण्याची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी हा काटा वाचला होता. त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खाली सोप्यातून आप्पा ओरडले, समोरच्या विड्या वळणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्यांनी पेटी बंद केली, हेडफोन खिळ्याला अडकवला, जिना उतरले आणि अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. तुळशीला पाणी आईने आधीच घातलं होतं.

त्यानंतर अण्णा माडीवर गेले नाहीत. घरात कुणी विषय काढला नाही. बेळगावच्या एका कॉलेजातले प्रयोगशाळेचे प्राध्यापक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना निरोप गेला, की येत्या रविवारी जीप घेऊन या आणि पेटी मुलांना शिकायला घेऊन जा. "चालू हाय ते," अण्णा आप्पांना म्हणाले. "चालू वस्तू पडून ऱ्हायला नगं." मी मात्र रोज सकाळी वर जायची आणि हळू आवाजात लावून ऐकायची. मडगावचे डॉक्टर ठरल्या वेळी यायचे, अण्णांचं सांकेतिक नाव घ्यायचे, थांबायचे, पुन्हा घ्यायचे. मग म्हणायचे, बरं, उद्या बघू. समोर माइक होता, पण मला परवाना नव्हता, आणि अण्णांचा नियम मोडणाऱ्यांतली मी नव्हते. खाली येऊन मी अण्णांच्या समोर उभी राहून, त्यांना ओठ दिसतील अशी, मोठ्याने म्हणाले, की डॉक्टर रोज बोलावतात. ते म्हणाले, "काय सांगू त्यास्नी? भैरा झालो म्हणून? आणि मग ते बोलनार, आणि म्या नुसता काटा बघनार."

शुक्रवार असेल. अण्णा सोप्यात दाराकडे तोंड करून बसले होते, पाठ स्वयंपाकघराकडे. आईच्या कुकरची शिट्टी झाली, मांजर उठून पळालं, अण्णा हलले नाहीत. मग मोठी आईने ताट वाढलं. अण्णा माडीवर नव्हते, तरी तिने सवयीने काठी उचलली आणि तिचं बूड जमिनीवर आपटलं. फरशीवर, अण्णांच्या पाठीमागे. अण्णा लगेच म्हणाले, "आलो."

मी जेवणं होईपर्यंत थांबले आणि मागच्या दारी भांडी घासताना मोठी आईला गाठलं. विचारलं, तुला हे कधीपासून माहीत आहे. ती राखेचा हात तसाच चालवत राहिली.

"बारीक आवाज त्यास्नी येत न्हाय," ती म्हणाली. "जाड येतोय. ट्रक येतोय, जातं येतंय, ढोल येतोय. माझ्या बांगड्या येत न्हाईत. आता लई दिस झालं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगून कान परत येनार हुतं व्हय गं? मी हाक मारायची, ते वळायचं न्हाईत, आणि समद्यांच्या म्होरं त्यास्नी कमीपना. त्यापरीस मीच तापट बरी."

ती म्हणाली, "ती कढई दे हिकडं," आणि मी दिली. पण माझं डोकं तिच्या एका शब्दावर अडकलं होतं. जाड येतोय.

आता थोडं समजावून सांगते, कारण निहारला हे माहीत असेल पण ओवीला नसेल. मोर्सचा संदेश हवेतून येतो तेव्हा त्याला स्वतःचा आवाज नसतो. लहर असते आणि नसते, एवढंच. रिसीव्हर आतल्या आत आणखी एक लहर तयार करतो, दोन्ही एकमेकींत मिसळतात, आणि त्यांच्यातल्या फरकाचा सूर आपल्याला ऐकू येतो. फरक मोठा ठेवला तर सूर बासरीसारखा बारीक; फरक कमी केला तर भुंग्यासारखा जाड. हे ठरवणारं एक बटण अण्णांच्या पेटीवर खालच्या रांगेत होतं. माणसाच्या बोलण्याचं असं करता येत नाही, निदान त्या पेटीत तरी नाही. पण मोर्सचं येतं. अण्णांनी ते बटण सैन्यातल्या सवयीने कायम बारीक सुरावर ठेवलेलं, आणि मीही कधी हलवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी एक मोर्सचं स्टेशन पकडलं, ते बटण डावीकडे फिरवत नेलं, आणि टिंगटिंगाट उतरत उतरत घुमू लागला. टेबलाची फळी थरथरायला लागली. मी खाली जाऊन अण्णांना वर चला म्हणाले. त्यांनी मान हलवली. मोठी आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एवढी पोरगी बोलावतीया. उद्या जीप येनार हाय, मग कुठं जाताय वर बसायला?"

अण्णा आले. खुर्चीवर बसले ते एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून बसावं तसे, कडेला. मी आवाज वाढवला आणि ते बटण आणखी थोडं खाली नेलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग त्यांचं तर्जनीचं बोट टेबलावर हललं. उचललं गेलं, पडलं, पुन्हा उचललं गेलं. मी पाटी पुढे ओढून लिहायला सुरुवात केली होती, कारण मला वाटलं त्यांना मदत लागेल. अण्णांनी माझ्याकडे न बघता माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि स्वतः लिहू लागले. कोलंबोजवळचा कुणीतरी कुणाला तरी सांगत होता, की त्याच्याकडे पाऊस आहे आणि त्याची बायको माहेरी गेली आहे. अण्णांनी ते सगळं पाटीवर लिहिलं, पाटी भरली, कोपराने पुसली आणि पुन्हा लिहिली.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. गेल्या वर्षापासून माझ्याही कानात यंत्र आहे. बेळगावच्या दवाखान्यात ते बसवताना त्या मुलीने मला संगणकाच्या पडद्यावर दाखवलं, की माझ्या कानांना कोणते आवाज येतात आणि कोणते गेले आहेत. म्हणाली, आजी, जे बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत ते हे यंत्र खाली उतरवून तुमच्या ऐकू येणाऱ्या पट्टीत आणतं, मोठे आवाज दाबतं, गोंगाट गाळतं. मग त्यातला इवलासा स्पीकर चिमटीत धरून म्हणाली, याला रिसीव्हर म्हणतात. मी हसले, तिला कारण कळलं नाही. निहारच्या पडद्यावरही मोर्सचा सूर जाड-बारीक करायची सोय आहे. मी शोधून काढली आणि त्याला विचारलं, ही कशासाठी? तो म्हणाला, ज्याला जसं आवडेल तसं. बरोबर आहे. आवडीसाठीही असते.

रविवारी प्राध्यापक जीप आणि कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आले, उंबऱ्यात शिंकले, पोटभर जेवले आणि रिकाम्या जीपने परत गेले. मी पुढच्या वर्षी परीक्षा पास झाले, मग पुढच्या शिक्षणासाठी बेळगावला आले आणि पुढे इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं. ते सगळं तुम्हाला माहीत आहे. पण त्या शनिवारी अजून एक गोष्ट व्हायची होती, आणि खरी धास्ती मला तिचीच होती. कारण डॉक्टर माइकवर बोलणारे होते. परीक्षेपुरतं मोर्स शिकले, मग की कपाटात टाकली, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. त्यांना मोर्स येतच नसेल, तर अण्णांसाठी जगातले सगळे परके लोक उरणार होते आणि एकुलता एक मित्र जाणार होता.

ठरल्या वेळी काटा उडाला. डॉक्टरांचा आवाज आला, अण्णांचं नाव घेतलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. त्यांनी की पुढे ओढली आणि ठोकायला सुरुवात केली: डॉक्टरांचं नाव, आपलं नाव, सुप्रभात. डॉक्टर माइकवरून जवळजवळ ओरडलेच, कुठे होता इतके दिवस, आजारी होता काय, घरी सगळं ठीक ना. अण्णा शांतपणे काट्याकडे बघत होते. काटा स्थिरावल्यावर त्यांनी तारेच्या भाषेत, तुटक इंग्रजीत पाठवलं, की कान गेले, बोलणं कळत नाही, मोर्स कळतं, कृपया की वापरा. आणि हात मांडीवर ठेवून बसले.

काटा हलला नाही. नुसती चरचर. मोठी आई चहा घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली होती, ती तिथेच उभी राहिली. तिने मला खुणेने विचारलं, काय झालं. मी मनातल्या मनात मडगावच्या त्या कपाटाची कल्पना करत होते, कुठली खोली, कुठला कप्पा, की गंजली तर नसेल. अण्णांनी एकदा स्पीकरची वायर काढून तपासली आणि पुन्हा खोचली. चहावर साय धरली.

मग काटा थरथरला. पडला. पुन्हा उठला, मध्येच अडकला, पुढचं अक्षर विसरून थांबला, आणि नव्याने सुरू झाला. लंगडत लंगडत मोर्स माडीत आलं. अण्णा पुढे झुकले, त्यांनी जाड सुराचं बटण स्वतःच्या हाताने जरासं सरकवलं, डोळे मिटले आणि ऐकू लागले. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत.

"दात काढताना हात असाच चालत आसंल," ते म्हणाले, "तर पेशंटचं कल्याण हाय."

"काय म्हनत्यात डाक्टर?" मोठी आईने विचारलं. ती त्यांच्यासमोर येऊन, ओठ दिसतील अशी उभी राहिली होती.

"अजून नमस्कारच चाललाय त्यांचा."

दवाखान्याची वेळ टळून गेली तरी डॉक्टर गेले नाहीत. एवढ्या वेळात त्यांनी नमस्कार, हवामान आणि बायकोची खुशाली एवढंच कसंबसं पाठवलं. अण्णांनी त्या सकाळी त्यांना कितीतरी वेळा "पुन्हा सांगा" म्हटलं, आणि एकदाही चूक अण्णांच्या कानाची नव्हती.